भोंग्यावरचा खून

पाहुण्यांची गाडी भातकुलीच्या गल्लीत शिरली, तेव्हा दुपारचे साडेबारा झाले होते आणि आचल स्वयंपाकघरात फोन कानाला लावून उभी होती. तिकडे हॅम्बुर्गमध्ये पोलिसांनी तळघराचं दार फोडलं होतं. 'तळघर' या जर्मन कादंबरीचा मराठी ऑडिओ. एकूण एक्केचाळीस प्रकरणं. शेवटच्यातली नऊ मिनिटं उरली होती...

पाहुण्यांच्या गाडीला जागा करायला तिच्या वडिलांनी, वामनरावांनी, भाजीचा टेम्पो सुरू केला. त्याबरोबर टेम्पोवरचा भोंगाही सुरू झाला आणि सवयीनं ब्लूटूथवरून लेकीच्या फोनला जुळला. "पालक घ्या, मेथी घ्या" ही तिच्याच आवाजातली हाळी रोज त्या फोनवरून वाजायची.

"प्रेत अजून गरम आहे!" भोंगा गरजला. "आता या घरातून कोणीही बाहेर जाणार नाही!"

गाडीतून उतरणाऱ्या आशाबाईंचा पाय अधांतरी राहिला. मुलासाठी मुलगी पाहायला त्या अकोल्याहून आल्या होत्या.

पोहे झाले, चहा झाला. आशाबाईंनी एकच प्रश्न दोनदा विचारला, "पोट्टी असलं आयकते?"

मग दोघांना अंगणात पाठवलं. मुलाचं नाव धर्मेंद्र. अकोल्याच्या जठारपेठेत त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान. लिंबाच्या झाडाखाली तो चपलेनं माती उकरत राहिला. आचलनं मनातल्या मनात नकार ऐकूनही घेतला.

"काहून बंद केलं?" त्यानं हळूच विचारलं.

"काय?"

"ते... 'तळघर'. वाचणाऱ्याचा आवाज ओळखला. मी अडतिसाव्या प्रकरणावर आहो."

तिनं पहिल्यांदाच मान वर केली. "तुमी आयकता?"

"तार गुंडाळताना हात गुंतलेले, कान रिकामे. अन् तुमी?"

"पालकाच्या जुड्या बांधताना."

"मले त्या डॉक्टरवर शक आहे."

"डॉक्टर? तो तर —" तिनं जीभ चावली.

"सांगू नोका! तोंड फिरवा. तुमच्या डोळ्यांतून समजून राहिलं."

"मग पाहू नोका डोळ्यांत."

"तेच तर जमून नाही राहिलं..."

लिंबाचं एक पान तिच्या ओढणीवर पडलं. तिनं ते झटकलं नाही.

दोन वाजता पाहुणे निघाले. "पोचलो की फोन करतो," आशाबाई कोरडेपणानं म्हणाल्या. अकोला सव्वादोन तासांवर. साडेचार वाजले. पाच वाजले. साडेपाच.

"नकार असला की लोक फोन नाही करत," वामनराव म्हणाले. "तुह्या त्या खुनानं घात केला, पोरी."

आचल जुड्या बांधत राहिली. उरलेली नऊ मिनिटं फोनमध्ये तशीच होती. तिला ती ऐकवेनात.

सहा वाजून दहा मिनिटं. वामनरावांनी टेम्पो परत जागेवर घ्यायला चावी फिरवली आणि त्याच क्षणी आचलचा फोन वाजला; तिनं उचलला.

"हॅलो," भोंगा म्हणाला.

गल्ली थबकली.

"उशीर झाला," धर्मेंद्रचा आवाज घराघरांत शिरला. "आई रागात होती. मूर्तिजापूरपर्यंत तिले मागची गोष्ट सांगितली, मग पुढचं लावलं. घर आलं तरी उतरेना. म्हणे, खुनी समजल्याबिगर मी हलत नाही. दीड तास दारासमोर गाडीत बसलो. तुमची नऊ मिनिटं... आयकली?"

"नाही."

"मग एकटीनं आयकू नोका. आचल, मले तुमी आवडल्या. आईले बी. पण तुमच्या मनात —"

वामनरावांचा हात चावीवर होता. पण टेम्पो त्यांनी बंद केला नाही.

"हाव म्हन न वं!" शेजारच्या शकुनमावशी कुंपणापलीकडून ओरडल्या.

आचलनं फोन तोंडाजवळ धरला. पालकाचा हिरवा रंग बोटांना तसाच होता.

"हाव," ती म्हणाली. "पण खुनी कोण ते सांगू नोका."