दोन काट्यांचा होकार

धुकं इतकं दाट होतं, की स्कूटरचं पुढचं चाकही दिसत नव्हतं; मी अंदाजानेच चालवत होते. सकाळचे आठ वाजले असतील. वळणावर एक जुनी, फिकट हिरवी गाडी उभी होती. दिवे बंद, आणि शेजारच्या सीटचा दरवाजा सताड उघडा... आत्ताच कोणीतरी उतरून गेल्यासारखा. स्टिअरिंगमागे एक तरुण बसला होता आणि त्या रिकाम्या सीटकडे बघत होता.

मी जुन्या गाड्यांचे मीटर आणि वायरिंग दुरुस्त करते. बंद पडलेली गाडी बघून पुढे निघून जाणं मला काही जमत नाही, म्हणून थांबले. गाडी अचानक बंद पडली म्हणाला. पेट्रोल? छे, टाकी भरलेली आहे, काटा बघा ना. मी वाकून पाहिलं. पेट्रोलचा काटा वर टेकलेला होता. शेजारचा तापमानाचा काटाही तसाच, म्हणजे इंजिन उकळतंय. मी बॉनेटवर हात ठेवला, तर ते थंडगार.

"दोन काटे एकदम खोटं बोलायला लागले," मी म्हटलं, "की समजायचं, त्यांना शिकवणारा एकच आहे. डॅशबोर्डमागचा व्होल्टेज रेग्युलेटर गेलाय तुमचा. टाकी रिकामी आहे."

"तुम्ही सगळ्यांचंच खोटं असं लगेच ओळखता?"

"गाड्यांचं ओळखते. माणसांचं... जरा वेळ लागतो."

तो मान खाली घालून हसला, आणि मी तिथेच विरघळले. स्कूटरवर ठेवलेल्या डब्यातलं पेट्रोल मी त्याच्या टाकीत ओतलं, दुकानाचा पत्ता दिला. निघता निघता विचारलं, की हा दरवाजा का उघडा ठेवलात?

"मी नाही उघडला," तो म्हणाला.

कडी सैल असेल, मी मनात म्हटलं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, माझा विश्वास अर्थिंगवर आहे. तरी घरी पोचेपर्यंत मी दोनदा मागे वळून पाहिलं.

पुढच्या पंधरा दिवसांत तो चार वेळा दुकानात आला. चारही वेळा गाडीशिवाय! तो चष्म्यांच्या दुकानात कामाला होता. एकदा म्हणाला, तुमच्या चष्म्याची काडी ढिली झालीय, आणि माझ्या नाकावरून चष्मा अलगद काढून घेतला. खिशातल्या इवल्याशा स्क्रूड्रायव्हरने तो काडी आवळत असताना मला समोरचं सगळं धूसर दिसत होतं... तो सोडून. म्हणजे तोही धूसरच होता, पण माझं लक्ष होतं.

"गाडी कधी आणताय?" मी विचारलं.

त्याचा हात थांबला. मग त्याने सगळं सांगितलं. गाडी त्याच्या वडिलांची. ते जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून आई रोज संध्याकाळी गॅरेजमध्ये त्या गाडीत जाऊन बसते, चावी फिरवते आणि त्यांच्याशी बोलते. काही विचारायचं असेल तर विचारते. काटे वर गेले की हो, जागचे हलले नाहीत की नाही. घराला रंग कोणता द्यायचा, गुडघ्याचं ऑपरेशन करायचं की नाही, सगळं काट्यांनी ठरवलं. त्याच्यासाठी आलेली दोन स्थळंही काट्यांनीच परत पाठवली.

हे तो हसत हसत सांगत होता, पण शेवटाला हसू उरलं नाही. गेल्या आठवड्यात आईला घेऊन जाताना काटा टाकी भरलेली दाखवत असताना गाडी रेल्वे फाटकात, ऐन रुळांवर बंद पडली होती. लोकांनी ढकलून काढली. "हे दुरुस्त केलं नाही तर आई जाईल," तो म्हणाला, "आणि केलं तर बाबा जातील. काय करू, सांगा."

आई गाडी बाहेर नेऊ देईना, म्हणून रविवारी दुपारी मीच त्यांच्या घरी गेले. गॅरेज लांबट, कोंदट. भर दुपारी आत संध्याकाळ असल्यासारखं वाटत होतं. त्याची आई गाडीतच बसलेली. लहानखुरी बाई, केस नीट विंचरलेले. मला म्हणाल्या, "ये पोरी. आधी विचारून घेते, मग कर तुझं काम." काकूंनी चावी फिरवली आणि हळू आवाजात विचारलं, हिच्या हातात गाडी देऊ का? बोलताना त्या पुढे झुकल्या, दोन्ही हात डॅशबोर्डवर टेकवले. काटे सावकाश वर गेले. माझ्या पाठीतून गार काहीतरी सरकलं, खोटं कशाला बोलू?

पण डोकं चालू होतं. रेग्युलेटरची काडेपेटीएवढी डबी त्या डॅशबोर्डमागेच असते. बॅटरीचा करंट ती तोडून तोडून काट्यांना देते, आणि तिची अर्थिंगची वायर सुटली की सगळा करंट थेट जातो. काटे वर! काकूंच्या हातांचा भार पडला की गंजलेला स्क्रू हलून ती वायर सुटत होती. ज्या प्रश्नाला त्यांना होकार हवा असेल तिथे त्या पुढे झुकत होत्या. मुलाच्या स्थळांच्या वेळी मागे टेकून बसल्या असणार. मला त्यांचा राग आला नाही. एकटं राहायची भीती कोणाला नसते?

मी नेहमीप्रमाणे आधी बॅटरीची वायर सोडवली, तिचं टोक फडक्यात गुंडाळलं आणि पाठीवर पडून डॅशबोर्डखाली शिरले. तो टॉर्च धरून शेजारी बसला. काकू आपल्या सीटवरून उठल्याच नाहीत.

"टॉर्च वायरींवर धर," त्या त्याला म्हणाल्या. "तिच्या तोंडावर काय आहे?"

तो खोकला. उजेड जरा हलला आणि पुन्हा माझ्या गालावर आला.

मग चावी फिरल्याचा आवाज आला. "अहो," त्या म्हणाल्या, "तुमच्या मुलाला ही मुलगी आवडलीय. आणू का घरात?"

माझा हात डबीवरच होता. बोटं आपोआप अर्थिंगच्या वायरकडे गेली. एक हिसका दिला की झालं... कोणाला कळलंही नसतं. त्या क्षणी बॅटरी सुटलेली आहे हेही मी साफ विसरले. मग मी हात मागे घेतला. नवराबायकोच्या बोलण्यात मी कोण?

तेवढ्यात डबीचा एक कोपरा माझ्या मनगटाला लागला. डबी गरम होती.

मी धडपडत बाहेर आले. काकू मागे टेकून बसल्या होत्या, हात मांडीवर. आणि दोन्ही काटे वर चढत होते... झोपेतून उठणाऱ्या माणसासारखे, अगदी सावकाश. वर टेकले आणि थांबले. काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बरं," त्या काट्यांना म्हणाल्या. मग चावी काढून त्यांनी माझ्या हातात दिली. "कर आता दुरुस्त. मी चहा टाकते." दाराशी थांबून त्यांनी एकदा मागे पाहिलं आणि आत गेल्या.

तो माझ्याकडे बघून हसत होता. "आईला फसवलंस. खाली हात घालून तूच केलंस ना?"

"करणार होते," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "पण केलं नाही. बॅटरी बघा."

त्याने बॉनेटखाली टॉर्च मारला. वायरचं टोक फडक्यात गुंडाळलेलं, मी ठेवलं होतं तसंच बाजूला पडलेलं होतं. तो किती तरी वेळ तिथे वाकून उभा राहिला. आत काटे आता खाली उतरू लागले होते. मला वाटलं, आता हा पळणार. मी स्वतःच पळायच्या बेतात होते.

तो सरळ झाला. चेहरा पांढराफटक पडला होता.

"करणार होतीस?" त्याने विचारलं.

एवढं सगळं डोळ्यांसमोर घडलं होतं, आणि या माणसाने त्यातलं नेमकं तेवढंच ऐकलं होतं.

"हो," मी म्हणाले. "मला तुम्ही हवे आहात म्हणून. पण खोटा होकार नको होता."

त्याने टॉर्च माझ्या हातात दिला. त्याची बोटं बर्फासारखी गार होती, पण ती माझ्या बोटांवरून लगेच निघाली नाहीत. "मग नवा रेग्युलेटर बसव," तो म्हणाला. "यापुढे आईला जे सांगायचं ते मी तोंडाने सांगेन."

तो आत गेला. मी पुन्हा पाठीवर पडून डॅशबोर्डखाली शिरले. जुनी डबी आता गार झाली होती. ती काढली, नवी लावली, पण स्क्रू काही केल्या भोकात बसेना. स्वयंपाकघरात कपबशांचा आवाज थांबला, आणि मला त्याचा आवाज ऐकू आला, नेहमीपेक्षा जरा मोठा.

"आई, बाबांचं राहू दे. मला ती हवीय, आणि तूही हवीस. तू सांग, चालेल तुला?"

मी स्क्रू हातात धरून तशीच पडून राहिले. आतून डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

"तिला म्हणावं, साखर किती?" त्या म्हणाल्या.