तपासणीच्या आठवड्यातला पाहुणा

मार्चमधला ओला बर्फ काचांवर सटासट आपटत होता, आणि दारात काळा कोट, काळा टाय घातलेला एक उंच माणूस उभा होता. हातात चामडी बॅग. कोरीननं घाईघाईनं दार सताड उघडलं. राज्य सरकारचे तपासणी अधिकारी या आठवड्यात कधीही, न सांगता येणार होते.

"या, या! तुमचीच वाट पाहत होतो," ती म्हणाली, आणि मग थांबलीच नाही.

मिनेसोटातल्या त्या लहानशा गावातलं वृद्धनिवास ती जवळजवळ एकटीच चालवत होती. तिनं त्याला फ्रिज उघडून दुधावरच्या तारखा दाखवल्या. औषधांच्या कपाटाचं कुलूप ओढून दाखवलं. न्हाणीघरातल्या गरम पाण्याखाली त्याचा हातही धरला. "बघा, भाजत नाही ना?"

"नाही... छान आहे," तो म्हणाला. "पण मी—"

"अगं कोरीन, त्याला काय आंघोळ घालतेस?" मागून मिसेस ऑडेगार्ड वॉकर टेकत टेकत आल्या. नव्वदी ओलांडलेली बाई, पण जिभेला धार. "हा आपल्या इंग्रिडचा भाचा, सोरेन. तिच्या दफनाहून सरळ आलाय. हो ना रे?"

"मावशीची इथं राहिलेली खुर्ची न्यायला आलो होतो," सोरेन ओशाळून म्हणाला. "सांगायला संधीच मिळाली नाही."

कोरीन हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे कधी भरून आले, तिलाच कळलं नाही. किती दिवस ती धड झोपली नव्हती! सोरेननं मुकाट्यानं रुमाल पुढे केला.

खुर्ची काही त्याच्या गाडीत मावेना. दुसऱ्या दिवशी तो परत आला. तेव्हाही मावली नाही, आणि तिसऱ्या दिवशीही नाही.

"गाडी तीच, खुर्ची तीच," कोरीन म्हणाली. "मावणार कशी?"

"तेच तर बघायला येतो मी... रोज."

तो शाळेत संगीत शिकवायचा. हातोडी धरायची कशी, हे त्याला ठाऊक नव्हतं. पण शाळा सुटली की येऊन तो फ्रिज घासायचा, शिडी धरायचा. शिडीवरून उतरताना एकदा कोरीनचा हात त्याच्या खांद्यावर टेकला. दमला होता तो हात. उचलायला जरा उशीरच झाला.

"शिडी केव्हाच संपली गं," कोपऱ्यातून मिसेस ऑडेगार्ड म्हणाल्या. "आता तो सोरेनच आहे."

पण हसण्याखाली एक काळजी होती. आग लागली तर इथल्या माणसाला फार तर एका जणाच्या आधारानं बाहेर पडता यायला हवं, असा नियम. मिसेस ऑडेगार्ड वॉकर घेऊन चालायच्या, पण त्यांना खुर्चीतून उठवायलाच आता दोघं लागत. अधिकाऱ्यांनी ते पाहिलं, की त्यांना दूरच्या शुश्रूषागृहात हलवावं लागणार.

"अधिकाऱ्यांची गाडी दारात आली, की मी त्यांना मागच्या दारानं केक खायला घेऊन जातो," सोरेन हळूच म्हणाला. "तपासणी संपली की परत आणतो. कुणाला कळणार?"

मोह कोरीनलाही झाला होता.

"मला कळेल," ती शेवटी म्हणाली. "आणि खरंच आग लागली, तर त्यांना कोण उचलेल, सोरेन? सांग ना..."

सोरेननं मान डोलावली. तो विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

शुक्रवारी खरी अधिकारी बाई आली. बाकी सगळं ठीक निघालं. मिसेस ऑडेगार्डबद्दल कोरीननं स्वतःच सांगितलं. त्या दिवशी संध्याकाळी ती त्यांच्या पायाशी बसून रडली.

"वेडी आहेस का पोरी?" त्यांनी तिच्या डोक्यावर थोपटलं. "मी जाते नव्या ठिकाणी सगळ्यांना छळायला. तू मात्र आता झोप काढ."

महिनाअखेरीस सोरेनच्याच गाडीतून दोघं त्यांना शुश्रूषागृहात पोचवायला गेले. निरोप घेताना मिसेस ऑडेगार्डनी एकदाही मागं पाहिलं नाही... म्हणूनच कोरीनला जास्त लागलं.

परतताना सोरेननं घसा साफ केला. रस्त्याकडे बघत तो बराच वेळ अडखळत बोलत राहिला. उत्तर येईना, म्हणून त्यानं वळून पाहिलं, तर कोरीन त्याच्या दंडावर डोकं टेकून गाढ झोपलेली. त्यानं पेट्रोल पंपापाशी गाडी उभी केली आणि हात तसाच ठेवला.

ती जागी झाली, तेव्हा ऊन कलायला आलं होतं.

"उठवलं का नाहीस?"

"हात बधिर झालाय. हलवताच येत नव्हता."

ती हसली, त्याची बोटं चोळू लागली. "झोपेत काहीतरी ऐकल्यासारखं वाटलं. परत बोल ना. आता जागी आहे मी."

सोरेनचे कान लाल झाले. "म्हणत होतो की... तपासणी झाली, खुर्चीचा बहाणाही जुना झाला. वृद्धनिवासात यायला आता मला काही निमित्तच उरलं नाही. तुझ्याशिवाय. तरी उद्या येऊ का?"

"नको."

त्याचा चेहरा पडला. तिनं त्याची बोटं सोडली नाहीत.

"उद्या मी रजा घेतलीय," कोरीन म्हणाली. "माझ्या घरी ये."