बाकावर झोपलेले पंच

"चोरी झालीय काकू, पण पोलिसांकडे जावं अशी नाही," दातांची डॉक्टर म्हणाली आणि खुर्चीच्या कडेवर बसली.

चष्म्याच्या दुकानावरच्या त्या दोन खोल्यांत काकूंचं तपासाचं ऑफिस होतं. परवाना काकूंच्या नावावर. गाडी चालवणं, चहा सांगणं आणि भलत्याच माणसावर संशय घेणं ही खाती त्यांच्या यजमानांकडे, म्हणजे काकांकडे.

"माझे बाबा फुटबॉलचे पंच होते."

काका ताडकन उठले. "म्हणजे ते? जगभर शिट्टी वाजवलेले?"

"तेच. मागच्या हिवाळ्यात गेले. आज संध्याकाळी क्लबच्या मैदानाला त्यांचं नाव देणार आहेत. हॉलमध्ये मी फोटोंचं प्रदर्शन लावलंय. डाव्या भिंतीवर परदेशातले सामने, उजवीकडे घरचे. काल दुपारी लावले आणि आज सकाळी काही गायब. मला आधी कळलंच नाही. भिंत भरलेली दिसत होती. उरलेले फोटो कुणीतरी सारखं अंतर ठेवून पुन्हा लावलेत."

"शिट्टी?" काकूंनी विचारलं.

"चांदीची. उघड्या टेबलावर आहे. तिला कुणी हातसुद्धा लावलेला नाही."

डॉक्टरने काल लावून झालेल्या भिंतींचे फोटो मोबाईलवर काढले होते. काकूंनी चष्मा चढवला.

"उजवीकडचे कुठले गेले?"

"माझ्या धाकट्या भावाचे सगळे. शाळेचा पहिला दिवस, बक्षीस समारंभ, पाय मोडला तेव्हाचा दवाखान्यातला. सगळ्यांत बाबा शेजारी. आईबाबांचं लग्न आहे तसं आहे, माझा पदवीदानाचा फोटोही आहे. काकू, माझ्या भावाला कुणीतरी पाण्यात पाहतंय."

"आणि डावीकडचा एकही नाही?"

"एक गेलाय. हा." एका दगडी इमारतीबाहेर, बाकावर पंच झोपले होते. तोंडावर टोपी, पायाशी सूटकेस. "सुटा सापडला मला. सूटकेस दिसली म्हणून 'परदेशात कुठेतरी' असं लिहून प्रवासाच्या फोटोंत लावून टाकला."

काकांनी डोळे बारीक केले. "मागच्या दारावर पाटी आहे. 'शांतता राखा'. दवाखाना असेल, नाहीतर वाचनालय."

"अहो," काकू म्हणाल्या, "गाडी काढा."

*

क्लबचे सेक्रेटरी हॉलच्या दारातच भेटले. गोरेपान, गुबगुबीत आणि घाईत.

"मी आधीच सांगितलं होतं, घरगुती फोटो नकोत. मोठ्या माणसाचं मोठेपण दाखवावं. प्लास्टरमधलं पोर कशाला? पण म्हणून मी चोरेन? आणि माझ्या सामन्यांच्या भिंतीवरचाही एक नेलाय, ते बघा ना!"

"काल हॉलमध्ये कोण कोण होतं?"

"संध्याकाळपर्यंत उघडाच होता. मी होतो, पंचांचे जुने लाइनमन खुर्च्या लावत होते, त्यांचे धाकटे चिरंजीव माईक तपासून गेले. सूनबाई आज प्रथमच येतायत. भाषणांची यादीही धाकट्यांनीच केलीय." सेक्रेटरींनी आवाज खाली आणला. "लाइनमनचं नाव त्यांनी काल कापलं. म्हातारा जाम भडकलाय."

काकांनी काकूंकडे विजयी नजरेने पाहिलं.

लाइनमन मैदानात चुन्याच्या रेषा ओढत होते. पंचांबरोबर त्यांनी अर्धी हयात काढली होती.

"राग आहे की! का नसावा? त्याच्यासारखा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पोराचा पाय मोडला तेव्हा हा फायनल सोडून घरी आला. पंचाला आयुष्यात एकदा मिळते हो ती, मिळाली तर! मला म्हणाला, शिट्टी कुणीही वाजवेल. नंतर कधी विषय काढला नाही. मैदानात असो की बाहेर, आपला निर्णय समजावून सांगायची त्याला सवयच नव्हती."

"हे भाषणात सांगणार होतात?"

"हेच तर सांगणार होतो! काल धाकट्यालाही विचारलं, सांगू ना रे? हो म्हणाला. आणि तासाभरात माझं नावच उडालं. वेळ कमी आहे म्हणे."

परत येताना काका कुजबुजले, "हाच. राग आहे, संधी होती, आणि धाकट्यावरच डूख."

"रागावलेला माणूस फोटो ओरबाडून काढतो," काकू म्हणाल्या. "उरलेले नीट सारखे करत बसत नाही."

*

सूनबाई शाळेत गणित शिकवायच्या. शाळा सुटल्यावर त्यांनी गेटपाशीच काका-काकूंची गाठ घेतली. बोलणं स्वच्छ, हातचं न राखता.

"खरं सांगू? फोटो गेल्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. लोकांना पंच दिसतात. माझ्या नवऱ्याला बाप मिळालाच नाही. आजारपण असो, बक्षीस असो, बाप विमानात. म्हणून तर हेही तसेच झालेत. मुलीच्या एकाही कार्यक्रमाला यांना सवड नसते. भांडले की म्हणतात, 'बापाने कसं वागायचं ते मी पाहिलंच नाही, शिकणार कुठून?' आता यावर काय बोलायचं?"

काका खोकले. काकूंनी त्यांच्या पायावर हलकेच पाय ठेवला.

"सासऱ्यांशी कसं होतं तुमचं?"

"नीट, पण लांबून. एकदा विचारायला आले, नातीच्या शाळेतल्या नाटकाला येऊ का? मी तोंडावर सांगितलं, पोटच्या मुलाचं एकही पाहिलं नाहीत, आता नातीचं कौतुक कशाला?"

"मग ते काय म्हणाले?"

"काही नाही. 'बरं' म्हणाले. चपला घातल्या आणि गेले."

जिंकलेल्या वादाची गोष्ट सांगावी तसं त्यांनी हे सांगितलं. 

धाकटे हॉलच्या पायऱ्यांवर फोनवर होते. उद्या पहाटेचं विमान होतं. फोन ठेवून ते हसले.

"ताई उगाच जिवाला लावून घेते. तमाशा नको, काकू. बाबांना देखावा आवडत नसे."

"एवढंच सांगा, तुमच्या घरी कॅमेरा कोणाकडे असायचा?"

"माझ्याकडे. बाबांनी परदेशातून आणला होता मला, शाळेच्या शेवटच्या वर्षी. एकच होता घरात, त्याआधीचे फोटो कुणाकडून तरी काढून घेतलेले. मी कुणाला हात लावू द्यायचो नाही." बोलता बोलता त्यांचा आवाज मऊ झाला, आणि ते लक्षात येताच त्यांनी पुन्हा फोन उचलला.

*

कार्यक्रमाला अजून थोडा अवकाश होता. हॉलच्या मागे, जाळ्या ठेवायच्या खोलीत, काकूंनी फक्त घरच्यांना बोलावलं. डॉक्टर, धाकटे आणि सूनबाई. काका दाराला पाठ लावून उभे राहिले.

"सेक्रेटरींनी नेले असते तर घरचे सगळेच नेले असते," काकूंनी सुरुवात केली. "लग्नाचा आणि पदवीदानाचा ठेवला नसता. लाइनमनना सूड घ्यायचा असता तर खिंडारं दिसू दिली असती. ज्याने नेले त्याला फोटो होते हेच लपवायचं होतं. गेले ते सगळे धाकट्यांचे. त्याच दिवशी लाइनमनचं भाषणही गेलं. तेही धाकट्यांच्या मोडलेल्या पायाबद्दलच होतं. दोन्हींतून एकच गोष्ट बाहेर पडणार होती. पंच वेळेला घरी यायचे. नेहमी."

सूनबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"ही गोष्ट कुणाला नवी? मुलीला नाही, क्लबला नाही. एकाच माणसाला उलटं सांगितलं गेलं होतं आणि तो माणूस आज पहिल्यांदाच ती भिंत पाहणार होता."

"काकू, हे अंदाज झाले," धाकटे म्हणाले. "ताईलाच असूया वाटली असेल. काहीही असू शकतं."

"मला?" डॉक्टर म्हणाली.

"म्हणूनच बाकावरचा फोटो महत्त्वाचा," काकू शांतपणे म्हणाल्या. "त्यात धाकटे नाहीत. तो परदेशातला म्हणून लावला होता. पण पाटी आमच्या ह्यांनी सहज वाचली. परदेशात आपल्या भाषेत 'शांतता राखा' कोण लिहील? मोबाईलवर मोठं करून पाहिलं, तेव्हा खालची बारीक ओळही लागली. 'परीक्षा सुरू आहे'. विमानतळावरून सूटकेस घेऊन बाप थेट परीक्षेच्या जागी आला आणि पेपर सुटेपर्यंत बाहेर बाकावर झोपला. झोपलेल्या माणसाने स्वतःचा फोटो काढला नाही. घरात कॅमेरा एकच होता, पेपर देऊन बाहेर आलेल्या मुलाचा. तो फोटो कशाचा आहे, हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं."



"बाकीचे फोटो तुम्ही भीतीने काढलेत," काकू धाकट्यांना म्हणाल्या. "तो तर भिंतीवर राहिला असता तरी कुणाला काही कळलं नसतं. तो लाजेने काढलात."

धाकटे जाळ्यांच्या ढिगावर बसले. 

"गाडीच्या डिकीत आहेत," ते म्हणाले. "फाडायला हात उठला नाही." मग बायकोकडे न बघता म्हणाले, "पहिल्यांदा अगदी सहज बोलून गेलो होतो. एका भांडणात. तू गप्प झालीस. मग दर वेळी तेच म्हणत गेलो. सोपं होतं ते."

"आणि मी त्यांना..." सूनबाई म्हणाल्या. "मी त्यांना दारातून परत पाठवलं. ते काही बोलले का नाहीत? एक शब्द बोलायचा होता!"

"मग तुला कळलं असतं, मी खोटं बोलतो ते," धाकटे म्हणाले. "माझ्याशीही कधी बोलले नाहीत. फक्त यायचे थांबले."

डॉक्टरने पदर तोंडाला लावला. "आणि मी विचारलंही नाही, बाबा, हल्ली तिकडे का जात नाही म्हणून."

काकांना काहीतरी समजुतीचं बोलायचं होतं. काकूंनी त्यांचा दंड धरला आणि दोघं बाहेर आले.

*

पाहुणे येईपर्यंत फोटो पुन्हा भिंतीवर होते. धाकट्यांनी एकेक स्वतः लावला. दवाखान्यातला सरळ बसेना, तेव्हा लाइनमन न बोलता पुढे झाले आणि त्यांनी खिळा ठोकून दिला.

भाषणात धाकट्यांनी हातातला कागद उघडलाच नाही.

"माझे वडील जगभर हिंडले," ते म्हणाले, "आणि मला गरज होती त्या प्रत्येक दिवशी घरी होते. मी माझ्या घरात याच्या उलट सांगत आलो. त्यांना ते कळलं होतं. मी खोटं बोललो. आता लाइनमनकाका बोलतील."

टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कुणाला समजेना. कुठूनतरी दोनचार वाजल्या आणि थांबल्या.

धाकटे खाली उतरले आणि पुढच्या रांगेशी आले. सूनबाईंच्या एका बाजूला मुलगी बसली होती. दुसऱ्या बाजूच्या खुर्चीवर त्यांची पर्स होती. सूनबाई समोर पाहत राहिल्या. पर्स त्यांनी उचलली नाही.

धाकटे क्षणभर तिथे घुटमळले. मग भिंतीपाशी गेले आणि कार्यक्रम संपेपर्यंत उभेच राहिले.