मुळं न फुटलेले कांदे

लासलगाव-नाशिक एसटीत मी एका शनिवारी निफाडला चढले, तेव्हा एकच जागा रिकामी होती आणि तिच्यावर कांद्यांची पिशवी बसली होती.

"हिचं तिकीट काढलंय का?" मी शेजारच्या मुलाला विचारलं.

"अर्धं," तो म्हणाला आणि पिशवी मांडीवर घेतली.

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मला कांद्याची कोवळी मुळं हवी होती. मुळाच्या टोकाशी पेशी सारख्या विभागत असतात. मी सहा कांदे मागितले. त्यानं ते एकेक दाबून, निवडून दिले.

आठवडाभर मी ते पाण्याच्या ग्लासांवर ठेवले. मुळं तांदळाएवढी आली आणि थांबली. सूक्ष्मदर्शकाखाली एकही पेशी विभागताना दिसेना. मी पाणी बदललं, ग्लास बदलले... रडलेसुद्धा.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा एसटीत होता.

"तुमचे कांदे मेलेत," मी म्हणाले.

"मेले नाय, मॅडम. कोंब येऊ नये म्हणून लासलगावच्या केंद्रात आम्ही त्यांना गॅमा किरण देतो. मी तिथंच कामाला हाय." तो ओशाळला. "मला वाटलं, खायला पायजेत. म्हणून टिकणारे दिले."

मग मला उलगडलं. "किरणांनी डीएनए तुटतो," मी सांगितलं. "पेशीतली प्रथिनं ती तुटलेली जागा ओळखतात आणि विभागणी थांबवतात. दुरुस्ती झाली तर पेशी पुढे जाते. नाही झाली तर—"

"तर बिचारी विचार करत बसती."

"विचार नाही, तपासणी."

"तुमच्यासारखीच की."

योगेश—हे नाव मला तिसऱ्या शनिवारी कळलं—किरण न दिलेले कांदे आणू लागला. मुळं भराभर वाढली. प्रकल्प संपला. तरी तो कांदे आणत राहिला आणि मी घेत राहिले. का, ते काही केल्या मांडता येईना.

एका शनिवारी तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "उद्या येवल्याला मुलगी बघायला जायचंय. जाऊ का?"

चांदोरी गेलं. शिलापूर गेलं.

"मला... माहीत नाही," मी म्हणाले.

"कांद्यासाठी भांडलात. माझ्यासाठी एक शब्द नाय?"

नाशिकला तो मागे न बघता उतरला.

संध्याकाळपर्यंत मी तीनदा एसटीडी बूथपर्यंत जाऊन परतले. चौथ्यांदा, कांद्याच्या पिशवीवर त्यानं कधीतरी लिहून दिलेला त्याच्या घरचा नंबर फिरवला. त्याच्या आईनं उचलला.

"कोन?"

"मी... कांद्यांसाठी फोन केलाय."

"घरून नाय विकत आम्ही."

"योगेश आहेत का?"

"गावात गेलाय. काय निरोप हाय का?"

बूथवाला माझ्याकडे बघत होता. "त्यांना सांगा... उद्या येवल्याला जाऊ नका."

पलीकडे त्यांनी रेडिओ बंद केला.

"निफाडची का गं तू?"

"हो."

"दुपारपासून जेवला नाय तो. आता आम्ही बघायला कधी यायचं, ते सांग."

"रविवारी," मी म्हणाले. "म्हणजे उद्या नको, घरी अजून सांगायचंय... नाही, उद्याच या."