न्सांजेचं मशीन

पटलं तर बघा. माझ्या सख्ख्या भावासोबत घडलंय हे. आमच्या मलावीत, गेल्या पुरात. आणि रात्र वगैरे नव्हती...

भर दुपार होती.

मी ब्लँटायरच्या ऑफिसात पुराचे नकाशे काढतो. काम गावोगावच्या कॉम्प्युटरवर वाटलेलं असतं, आम्ही त्यांना मशीन म्हणतो. नियम एकच. जे मशीन आधी उत्तर देईल, त्याचा नकाशा थेट बोटीवर. जे रेंगाळेल, त्याचं सगळं, मागण्यासुद्धा, रांगेत शेवटी.

नदीकाठच्या न्सांजेचं मशीन कायम रेंगाळायचं. ते लिंबानी सांभाळायचा. आमच्या ऑफिसच्या प्रमुख, तादाला मॅडम, त्याला फोनवर म्हणायच्या, "लिंबानी, तुझा नकाशा येईपर्यंत नदी आटते रे."

मग एक दिवस पाणी त्याच्याच खोलीत शिरलं. त्याने बोट मागितली. मागणी त्याच मशीनवरून आली...

रांगेत शेवटी राहिली.

खोली, मशीन, लिंबानी. सगळं गेलं.

पूर ओसरलाच नव्हता. काही दिवसांनी माझा मोठा भाऊ यांखो बोट घेऊन न्सांजेला निघाला. झाडावर बायका अडकल्या होत्या. मी त्याच्यासाठी मशीनांकडे रस्ता मागितला.

उत्तर लगेच आलं. इतक्या लवकर कधीच येत नाही.

कुठून आलं ते बघितलं...

न्सांजे.

"मॅडम, हे मशीन तर वाहून गेलंय ना?"

"यादीतून काढून टाक ते."

काढलं. परत रस्ता मागितला.

परत न्सांजे.

आणि तो रस्ता झाडाकडे जातच नव्हता. लिंबानीच्या खोलीकडे जात होता. तिथे आता भोवरा आहे.

यांखोला फोन लावला. "दादा, तो रस्ता सोड. माघारी फिर."

"गप रे. वाट दाखवायला माणूस दिलायस ना तू?"

"कुठला माणूस?"

"हा काय, पुढे बसलाय. पार भिजलाय बिचारा."

मग नुसता पाण्याचा आवाज... मग तोही नाही.

बोट फुटली. बायकांना आणायला दुसरी बोट गेली, तिनेच यांखोला ओढून काढलं.

घरी आला. मक्याच्या न्सिमाचा घास हातात धरून बसला. खाईना.

"त्याने विचारलं, ब्लँटायरला मशीनवर कोण बसतं."

"मग?"

"तुझं नाव सांगितलं. घर पण सांगितलं. मला काय माहीत?"

तेव्हापासून कुठलाही नकाशा मागा, आधी न्सांजे उत्तर देतं.

ब्लँटायर डोंगरात आहे. नदी इथवर चढत नाही. पण त्या नकाशात पाणी माझ्या गल्लीत आहे. काल कोपऱ्यावर होतं.

आज दाराशी आहे.

बाहेर जाऊन बघितलं. सगळं कोरडं. तरी मी बोट मागितली...

माझी मागणी रांगेत शेवटी पडलीय.