पाटीशेजारचा माणूस

डोळ्यांना नंबर निघाला म्हणजे माणूस नापास झाला, अशी कोसमटोल्यात पक्की समजूत होती, आणि ती करून देण्यात खुद्द ग्रामसभेचा हात होता. दोन वर्षांत मोहफुलं वेचायला गेलेली तीन माणसं वाघानं नेली. म्हणून यंदा ठराव झाला, की ज्याचे डोळे पास त्यानंच पहाटे मोहाखाली जायचं. बाकीच्यांनी उन्हं वर आल्यावर उरलंसुरलं वेचायचं. उन्हं वर आल्यावर तिथं काय उरतं, हे सांगायला नको.

गडचिरोलीहून डोळे तपासायला आलेली रंजीता सकाळपासून सगळ्यांना समजावून थकली होती. "अहो, ही काय दहावीची परीक्षा आहे? सुई ओवता येत नाही, दूरचा माणूस ओळखू येत नाही, डोकं दुखतं, तर नंबर बदलला समजायचं. नवीन चष्मा घालून दिसलं, की झाले तुमचे डोळे पास." लोक माना डोलवत होते आणि कॉपी करत होते. कुणाचा पुतण्या खिडकीतून सांगायचा, कुणाची बायको खोकून खुणावायची. शेवटी वैतागून रंजीतानं शाळेच्या खोलीच्या खिडक्या लावल्या आणि सगळ्यांना व्हरांड्यात बसवलं. आत राहिली फक्त रजिस्टर घेऊन गावची आशा सेविका स्वाती.

दुपारी दोनच्या सुमारास सुकरीबाई आली. साठीची, काटक, हसऱ्या तोंडाची. नाकावरच्या चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, काचांवर ओरखडेच ओरखडे.

"किती वर्षांचा हा चष्मा?"

"सहाक वर्षं झाले असतीन."

"बाई, डोळा बदलत राहतो, काच थोडीच बदलते! वर्षा-दोन वर्षांनी दाखवावं लागतं." रंजीतानं तो चष्मा काढून घेतला, तिला खुर्चीत बसवलं, डोळ्यांत उजेड टाकून यंत्रानं नंबर पाहिला. नंबर बराच वाढला होता. या डोळ्यांना चार हातांपलीकडे नुसतं धुकं दिसत असणार. आता पाटी वाचून घेतली की काम झालं.

समोरच्या भिंतीवर पाटी टांगलेली होती. अक्षरओळख नसलेल्यांसाठीची, तीन दातांच्या फणीसारखी चिन्हं असलेली. दात जिकडे, तिकडे बोट दाखवायचं. सुकरीबाईनं एक डोळा तळहातानं झाकला आणि बोट उचललं. उजवीकडे. खाली. वर. डावीकडे. ओळीमागून ओळ उतरली. रंजीताला स्वतःला जी शेवटची ओळ जरा निरखून पाहावी लागे, तीही म्हातारीनं न अडखळता दाखवली.

चष्म्याशिवाय.

रंजीतानं यंत्र पुन्हा लावलं. नंबर तोच. तिनं पाटी उलटी करून टांगली. पुन्हा सगळं बरोबर. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की म्हातारी चिन्हांकडे पाहतच नाहीये. तिची नजर पाटीच्या जरा डावीकडे होती, उभ्या माणसाचा चेहरा असावा तितक्या उंचीवर. तिथं कोरी भिंत होती. बंद खोलीत ओल्या पाल्याचा वास येत होता. फाल्गुनातल्या कोरड्या दुपारी हा वास कुठून येतोय, ते रंजीताला कळेना.

"सुकरीबाई, खरं सांगा. पाटी दिसते?"

म्हातारी चोरी पकडल्यासारखी हसली. "सगळ्यात मोठं एकच दिसते जी. बाकी हे सांगून राह्यले ना... हात करून."

"हे कोण?"

"इसरू. माहा माणूस."

स्वातीच्या हातातला पेन थांबला. तिनं रंजीताच्या कानाशी येऊन हळूच सांगितलं, "मॅडम... इसरूभाऊ तर दोन वर्षांमागं मोहाच्या हंगामात गेले. पहिलेच. वाघानं..."

रंजीतानं पुन्हा एकदा त्या कोऱ्या भिंतीकडे पाहिलं. तरी ती शांतपणेच म्हणाली, "पाटी दिसत नाही, मग तो कसा दिसतो?"

"आपल्या माणसाले पाहाले चष्मा काऊन लागन?"

पण या डोळ्यांनी ही बाई पहाटे मोहाखाली वाकली, तर झुडपातलं पिवळं जनावर तिला अंगावर येईपर्यंत दिसणार नाही, एवढं रंजीताला स्वच्छ कळत होतं. "त्यांना बाहेर जायला सांगा," ती म्हणाली. "कॉपी चालणार नाही."

सुकरीबाईनं भिंतीकडे पाहून मान हलवली. "जा जी बाहेर. बाई रागावते." मग मात्र तिला त्या एका मोठ्या चिन्हापलीकडे काही सांगता येईना. रंजीतानं खरा नंबर लिहून घेतला.

तीन आठवड्यांनी रंजीता चष्मे घेऊन आली. तीच खोली, तीच पाटी. नवा चष्मा घातल्यावर सुकरीबाईनं पाच ओळी आपल्या आपण दाखवल्या. पाचवीला दोनदा चुकली, आणि त्या चुकांचा रंजीताला फार आनंद झाला.

"आज आले का इसरूभाऊ?"

म्हातारीनं खोलीभर नजर फिरवली. "नाई जी. आता नाई दिसत." तिचा आवाज भरून आला. रंजीतालाही वाईट वाटलं, पण जीव वाचत असेल तर एवढं दुःख परवडलं, अशी तिनं मनाची समजूत घातली. स्वातीनं रजिस्टरात पास लिहिलं. सुकरीबाई डोळे पुसत दाराकडे निघाली.

पुढचा नंबर शेजारच्या गावच्या गुणवंतरावांचा. धानाची शेती करणारे, या गावात कुणाला न ओळखणारे. त्यांनी एक डोळा झाकला आणि बोट न उचलता तसेच बसून राहिले.

"काय झालं, भाऊ?"

"त्या भाऊले जरा बाजूले व्हाले सांगा न. पाटीच्या समोरच उभा आहे."

रंजीतानं पाहिलं. पाटी होती. भिंत होती. ओल्या पाल्याचा वास होता.

"तिथं कोणी नाही..."

"काऊन नाई? हात करून बोलावून राह्यला ना. त्या बाईले."

दारातली सुकरीबाई वळली. नव्या चष्म्यातून तिनं भिंतीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा रडवेला झाला. मग तिनं चष्मा काढला. पुन्हा पाहिलं, आणि नव्या नवरीसारखी लाजून हसली. तिनं चष्मा घडी करून रंजीताच्या हातात ठेवला.

"हो जी," ती भिंतीला म्हणाली. "उद्या पहाटे येतो."

"सुकरीबाई, चष्मा..." रंजीता हाक मारत दारापर्यंत गेली. म्हातारी उन्हात उतरून, कुठंही न अडखळता, सरळ चालू लागली होती.

"हां, हटला एकदाचा," खुर्चीतले गुणवंतराव म्हणाले, आणि त्यांनी बोट वर केलं. "आता साफ दिसते."