अर्धा धवला

चपाती

हॉस्पिटलच्या कँटीनमधली. एकच घास मी कधीची चावत होते, आणि निळ्या कपड्यांतला एक मुलगा ताट घेऊन समोर उभा होता. माझं चावणं मोजत होता!

"बेचाळीस," तो म्हणाला. "टेबल रिकामं होईल, की संध्याकाळी येऊ?"

"बसा ना समोर. घास अडकतो माझा. अन्ननलिकेला गाठ आहे... साधी, पाण्याची. परवा रोबोट काढणार."

"रोबोट नाही हो काढत. डॉक्टर काढतात, कोपऱ्यात स्क्रीनसमोर बसून. रोबोट म्हणजे नुसते हात. आणि त्या हातांना अवजारं लावतो..." त्याने घास घेतला, गिळलाही. मला हेवा वाटला. "...मी. संघर्ष. तुर्भ्याला राहतो."

"निशिगंधा. घणसोली गाव. नीट लावा हं अवजारं. माझा आवाज तिथूनच जातो."

आवाजाची नस गाठीला लागूनच आहे, डॉक्टरांनी सांगितलं होतं. धोका थोडा. पण मी धवले गाते, आमच्या आगरी लग्नांतली गाणी. दीड महिन्यावर भावाची, केतनची हळद. थोडा धोकाही मला फार होता.

काहीच नाही

उपाशी पोट. थंडगार ऑपरेशन थिएटर. प्लास्टिकचे झगे घातलेले चार लांब हात. एका मास्कवर दोन डोळे... ओळखीचे.

"उलटे आकडे मोजा," भूल देणाऱ्या बाई म्हणाल्या.

आकडे कुणाला सुचतात तेव्हा? मी गायले —

"मांडवाचे दारी गो, नवरी कोनाची वाट बगं..."

डोळे हसले. पुढची ओळ —

पाणी, एक घोट

बरगड्यांमधून बोटाएवढी भोकं, आणि गाठ अख्खी निघाली. दुसऱ्या दिवशी एक्स-रेखाली औषध गिळून दाखवलं. कुठे गळती नाही. मग पाणी. सरळ खाली गेलं! आई रडायलाच लागली. मी "आये" म्हणायला गेले...

नुसती खरखर.

"श्वासाच्या नळीने घसा सोलवटलाय बहुतेक," डॉक्टर म्हणाले. "थोडे दिवस थांबू."

बहुतेक. मी बोलणंच बंद केलं.

पेज

तिसऱ्या दिवशी दारात संघर्ष.

"तुम्ही मधेच झोपलात. नवरी कुणाची वाट बघते? डोक्यातून जातच नाहीये."

आणि तो गायला. म्हणजे, ते गाणं आहे हे मला माहीत होतं म्हणून कळलं. तुर्भ्याचा ट्रक रिव्हर्स घेतो ना, तशी चाल.

आईने पेजेचा चमचा हवेतच धरला. त्याने परत गायलं. आणखी वाईट!

"असं नाही!" मी ओरडले. "'दारी'वर सूर खाली यायचा. मांडवाचे दारी गो..."

खरखरीत. पण सूर... जागच्या जागी.

आईने चमचा वाटीत ठेवला.

"पुढे?" तो हळूच म्हणाला.

"हळदीला ये. तिथे ऐक." मी त्याला 'या' सोडून 'ये' म्हटलं कधी?

"ये रं बाला," आई डोळे पुसत म्हणाली. "पोर बोलती केलीस."

भाकरी

तांदळाची. डॉक्टरांनी आता सगळं खायला सांगितलंय. मांडवात तो आला तर कुणीतरी त्याच्या इस्त्रीच्या शर्टालाही हळद लावलेली. मी भाकरी मोडली, अर्धी त्याला दिली.

"मोज."

"...नऊ, दहा —"

"गिळली! खरं सांग, त्या दिवशी मुद्दाम बेसूर गायलास ना?"

"मुद्दाम?" तो दुखावलाच. "जीव ओतून गायलो मी."

बायकांनी हाक मारली. मी गायले, तो भाकरी हातात घेऊन ऐकत होता.

"मांडवाचे दारी गो, नवरी कोनाची वाट बगं..."

पुढच्या ओळीत नवऱ्याचं गाव घालायचं असतं. मी घातलं —

"तुर्भ्याशी येतो गो, त्याची वाट बगं..."

शेवंताकाकी मधेच थांबली. "निशे, आपला केतन घनसोलीचा नं गो! तुर्भ्याचा कोन?"

सगळ्या बायकांनी वळून पाहिलं. भाकरीच्या घासासकट उभा असलेला... तो. घास अडकला होता.

मी पाण्याचा ग्लास घेऊन गेले.

"एक घोट. हळू. आता गिळ."

त्याने गिळलं. कान लाल झालेले.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"बेचाळीसपासून."